मेंदूची वीजघरे : तंतुकणिका आणि मज्जासंस्थेचे विकार

सकाळच्या वेळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड स्थानकाच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारेची आठवणही होत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. तेव्हापासून उपनगरांचे जीवन या तारेशी बांधले गेले आहे. प्रवाह चालू असतो तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण तो काही मिनिटे जरी खंडित झाला तरी लाखो माणसांचा दिवस विस्कटून जातो. डबे शाबूत, रूळ शाबूत, चालकही जागेवर. तरीही गाडी हलत नाही.

मानवी मेंदूचीही अशीच एक कथा आहे. मेंदूची रचना वरकरणी निर्दोष असते, रक्तवाहिन्या मोकळ्या असतात, तरीही कधी हात थरथरू लागतो, कधी मुलाला वारंवार झटके येतात, तर कधी ऐन तारुण्यात दृष्टी मावळत जाते. यांपैकी काही विकारांचे मूळ पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या अतिसूक्ष्म घटकांत असते, असे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. या घटकांना मराठीत तंतुकणिका आणि इंग्रजीत मायटोकाँड्रिया म्हणतात. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नाही. तथापि हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नसून शाळा, ग्रामपंचायत आणि घरातील न्हाणीघर यांच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच तो सोप्या शब्दांत वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

पेशीतील वीजघर

आपण खाल्लेले अन्न आणि श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन यांची अखेरची गाठ पडते ती तंतुकणिकांत. तेथे अन्नातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मुक्त होते आणि एटीपी नावाच्या रेणूंत साठविली जाते. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्यातून वीज निर्माण होते आणि ती घराघरांत जाते. त्याचप्रमाणे एटीपी हे पेशीचे सर्वत्र चालणारे ऊर्जेचे नाणे होय. हे कार्य तंतुकणिकेच्या आतील आवरणात रांगेने बसविलेल्या प्रथिनांच्या पाच संचांकडून होते. त्यांतील एक संच जरी मंदावला, तरी पुढचे सर्व काम रखडते. शिवाय वीजकेंद्राच्या धुरासारखी काही घातक द्रव्येही येथे निर्माण होतात. निरोगी पेशी त्यांचा वेळच्या वेळी निचरा करते. दुर्बल पेशीला ते जमत नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन हा एकटा अवयव वापरतो. संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या चेतापेशीला प्रत्येक संदेशानंतर आपला विद्युतभार पूर्ववत करावा लागतो आणि त्यासाठी सतत एटीपी लागते. स्नायूंप्रमाणे ऊर्जेचा मोठा साठा करण्याची सोय मेंदूपाशी नाही. रक्तपुरवठा थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशींची हानी होऊ लागते, ती यामुळेच. पक्षाघातात एक एक मिनिट मोलाचे का मानतात, याचे उत्तरही येथेच आहे.

चेतापेशीची आणखी एक अडचण म्हणजे अंतर. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. पेशीच्या मुख्य भागातून निघालेल्या तंतुकणिकांना हे अंतर रुळांसारख्या सूक्ष्म नलिकांवरून पार करावे लागते. मार्गात कोंडी झाली, की शेवटच्या टोकाला ऊर्जेचा तुटवडा पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. संध्या कौशिका आणि त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्म गोलकृमींच्या चेतापेशींतील या वाहतुकीचा आणि तिच्यातील कोंडीचा अभ्यास केला आहे. द्रुतगती मार्गावरील वाहनांच्या रांगा रोज पाहणाऱ्या उपनगरवासीयाला या संशोधनाचा आशय समजण्यास फारसे प्रयास पडू नयेत.

मातेकडून आलेला वारसा

आपली बहुतेक जनुके पेशीच्या केंद्रकात असतात आणि ती माता व पिता या दोघांकडून येतात. तंतुकणिकांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्यापाशी स्वतःचा लहानसा जनुकसंच असतो. केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मानवाच्या या संचाचे संपूर्ण वाचन केले. त्यात १६,५६९ अक्षरजोड्या आणि ३७ जनुके आहेत. हा संच अपत्याला मातेच्या अंडपेशीतूनच मिळतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो मातेकडूनच येतो. पुढे मात्र तो केवळ मुलीच्या अपत्यांपर्यंत पोहोचतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. ‘आईकडून आलेला आजार’ हे शब्द आपल्या समाजात कसे वापरले जातील, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्या घरात मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावला जातो, त्या घरात या शास्त्रीय माहितीचा दुरुपयोग होण्याचा धोका आहे. म्हणून लक्षात ठेवावे, की हा वारसा मातेने निवडलेला नसतो. तिलाही तो तिच्या मातेकडून मिळालेला असतो आणि अनेकदा ती स्वतः पूर्णपणे निरोगी असते. एकाच पेशीत चांगल्या आणि सदोष अशा दोन्ही प्रकारच्या तंतुकणिका नांदू शकतात. सदोष कणिकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, तरच रोग प्रकट होतो. त्यामुळे एकाच मातेच्या तीन अपत्यांपैकी एक गंभीर आजारी, दुसरे किंचित अशक्त आणि तिसरे ठणठणीत असे चित्र दिसू शकते.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. तंतुकणिकांना लागणाऱ्या हजाराहून अधिक प्रथिनांपैकी केवळ १३ प्रथिनांची माहिती त्यांच्या स्वतःच्या संचात असते. उरलेली सर्व प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या आज्ञेने बनतात. साहजिकच बालवयात दिसणाऱ्या अशा अनेक विकारांत माता आणि पिता या दोघांकडून आलेली सदोष जनुके एकत्र आलेली असतात. जवळच्या नात्यातील विवाहात अशी दोन जनुके एकत्र येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडील काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे. अशा कुटुंबात पूर्वी एखादे मूल मज्जासंस्थेच्या अनाकलनीय आजाराने दगावले असेल, तर पुढील विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे हितावह ठरते.

वीजघर बिघडते तेव्हा

ज्या अवयवांना ऊर्जा अधिक लागते, त्यांना तंतुकणिकांच्या बिघाडाची झळ प्रथम पोहोचते. मेंदू, डोळे, कान, हृदय आणि स्नायू हे ते अवयव होत. १९५१ मध्ये डॉ. डेनिस ली यांनी वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा विकार तान्ह्या मुलांत आढळतो. चांगले वाढणारे बालक एखाद्या तापानंतर मान सावरेनासे होते, गिळणे व श्वसन यांत अडथळे येतात आणि शिकलेल्या हालचाली ते विसरू लागते. मेलास नावाच्या दुसऱ्या विकारात लहान वयातच पक्षाघातासारखे झटके, तीव्र डोकेदुखी आणि अपस्मार दिसतो. तिसरा विकार दृष्टीचा. लेबर या जर्मन वैद्यांनी १८७१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्याचे कारण मात्र १९८८ मध्ये तंतुकणिकांच्या जनुकसंचातील एका अक्षराच्या बदलात सापडले. बहुधा तरुण पुरुषांत एका डोळ्याची मध्यदृष्टी वेदनेविना जाते आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत दुसऱ्याही डोळ्याची तीच गत होते.

वर्गातील शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? चार पायऱ्या चढून थकणारा, खेळाच्या तासाला बाजूला बसणारा, ज्याच्या पापण्या खाली ओघळतात, ज्याला ऐकू कमी येते, जो पूर्वी वाचत होता आणि आता वाचू शकत नाही, असा विद्यार्थी प्रत्येक वेळी आळशी वा कामचुकार असतोच असे नाही. अशा लक्षणांची इतरही पुष्कळ कारणे असू शकतात आणि त्यांतील रक्तक्षयासारखी अनेक कारणे सहज बरी होण्याजोगी असतात. परंतु येत असलेली गोष्ट मुलाला येईनाशी होणे ही धोक्याची घंटा समजावी. अशा मुलास शिक्षा देण्याऐवजी त्याची तपासणी करवून घ्यावी.

कंपवाताचे कोडे

१८१७ मध्ये डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी ज्या रोगाचे वर्णन केले, तो पार्किन्सनचा आजार आपण कंपवात या नावाने ओळखतो. हात थरथरणे, हालचाली मंदावणे, अंग ताठरणे आणि चालताना तोल जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळसर भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत गेल्याने तो उद्भवतो. या पेशी का झिजतात, हे दीर्घकाळ कोडेच होते.

१९८२ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक विलक्षण घटना घडली. चोरून बनविलेले मादक द्रव्य टोचून घेणारे काही तरुण एकाएकी दगडासारखे ताठर झाले. वृद्धांमध्ये वर्षानुवर्षे हळूहळू दिसणारी लक्षणे त्यांच्यात काही दिवसांत अवतरली होती. त्या द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ होती. मेंदूत गेल्यावर तिचे रूपांतर एका विषात होते आणि ते विष डोपामिनच्या पेशींत शिरून तंतुकणिकांतील प्रथिनांचा पहिलाच संच बंद पाडते, असे पुढे सिद्ध झाले. १९८९ मध्ये सर्वसामान्य कंपवाताने निधन पावलेल्या रुग्णांच्या मेंदूतही हाच संच दुर्बल झालेला आढळला. पुढे पार्किन आणि पिंक-वन ही जनुके सापडली. निकामी झालेल्या तंतुकणिका वेचून नष्ट करणे हे त्यांचे काम. ते थांबले, की पेशीत जणू कचरा साचतो आणि तरुण वयातच कंपवात होऊ शकतो.

या रोगाच्या अभ्यासात मुंबईचा वाटा लहान नाही. येथील पारशी वसाहतींतून राहणाऱ्या १४,०१० व्यक्तींची पाहणी डॉ. नादिर भरूचा, डॉ. एडी भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना कंपवाताचे ४६ रुग्ण, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८ असे प्रमाण आढळले. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने हा आकडा सर्व राज्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि समाजाचे आयुर्मान वाढते, तसा हा रोगही वाढतो, हा त्यातील धडा आज ज्येष्ठांची संख्या वाढत असलेल्या प्रत्येक वसाहतीने आणि गावाने ध्यानी घ्यावा असा आहे.

अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशातही मेंदूतील ऊर्जानिर्मिती घटलेली दिसते. परंतु ती रोगाचे कारण की परिणाम, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

विलेपार्ले ते कुलाबा

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी तालुक्यात विलेपार्ले येथे कस्तुरबा हेल्थ सोसायटीचे वैद्यकीय संशोधन केंद्र आहे. हे केंद्र आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांतील शास्त्रज्ञांनी परदेशातील सहकाऱ्यांसह केलेले एक संशोधन २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डॉ. साशायना फणीबंदा, डॉ. अशोक वैद्य, डॉ. उल्हास कोल्थुर-सीताराम आणि डॉ. विदिता वैद्य हे त्याच्या प्रमुख लेखकांपैकी होत.

सिरोटोनिन हे मेंदूतील एक संदेशवाहक द्रव्य असून मनःस्थिती, झोप व भूक यांच्याशी असलेला त्याचा संबंध पूर्वीपासून परिचित होता. या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूच्या बाह्य भागातील चेतापेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि त्यांना सिरोटोनिन दिले. तेव्हा पेशींतील तंतुकणिकांची संख्या वाढली आणि एटीपीची निर्मितीही वाढली. पेशीच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट ग्राहकामार्फत हा संदेश आत जातो आणि तेथे सर्ट-वन व पीजीसी-वन-अल्फा ही दोन प्रथिने नवी वीजघरे उभारण्याचे काम हाती घेतात, असेही त्यांनी दाखविले. अशा पेशी मारक ताणाला अधिक समर्थपणे तोंड देऊ शकल्या. संदेश देणारे द्रव्यच ऊर्जेची तरतूदही करते, ही गोष्ट शास्त्रजगताला नवी होती.

या शोधाचे मोल जाणताना त्याची मर्यादाही जाणली पाहिजे. हे प्रयोग प्राण्यांवर आणि त्यांच्या पेशींवर झालेले आहेत. त्यातून रुग्णासाठी औषध निर्माण व्हावयाचे आहे. म्हणून ‘मेंदूची शक्ती वाढविणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या व अर्क यांच्या जाहिरातींना अशा संशोधनाचा आधार आहे, असे कोणी मानू नये.

डॉ. अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनीच १९७८ मध्ये कंपवातावर खाजकुयलीच्या बियांचा उपयोग करून पाहिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. आपल्या रानात वाढणाऱ्या आणि अंगाला लागली की खाज आणणाऱ्या या वेलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असते, हे भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखविले होते. कंपवातावरील आजच्या प्रमुख औषधातही तेच द्रव्य असते. परंपरेतील अनुभव आणि आधुनिक कसोटी यांचा मेळ कसा घालावा, याचा हा उत्तम नमुना होय. मात्र लेव्होडोपा डोपामिनची उणीव भरून काढते. बिघडलेले वीजघर ते दुरुस्त करीत नाही. शिवाय बियांतील त्याची मात्रा कमीअधिक असते. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना खाजकुयलीचे चूर्ण घेणे धोक्याचे आहे.

घरातील आणि शेतातील विषे

काही विषे थेट तंतुकणिकांवर घाला घालतात. त्यांतील एक आपल्या घरात शिरू शकते. बंद न्हाणीघरात गॅसवरील गिझर चालू असेल आणि हवा खेळती नसेल, तर ज्वलन अपुरे राहून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि तंतुकणिकांतील चौथ्या संचालाही अडथळा करतो. डोके जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे आणि मग शुद्ध हरपणे असा क्रम काही मिनिटांत पूर्ण होऊ शकतो. वाचलेल्या व्यक्तींपैकी काहींना काही आठवड्यांनी विस्मरण वा कंपवातासारखी लक्षणे जडतात. उपनगरांतील लहान सदनिकांत हा धोका विशेष आहे. तसाच तो थंडीत दार लावून कोळशाची शेगडी पेटविणाऱ्या खेड्यातील घरांतही आहे. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा, त्याचा धूर नळीने बाहेर सोडावा आणि खिडकी कधीही बुजवू नये. आत कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार-खिडक्या उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि तत्काळ रुग्णालयात न्यावे.

धान्याच्या कोठारात किडीसाठी ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायूही याच यंत्रणेवर आघात करतो. माणसे झोपतात त्या खोलीत या गोळ्या कदापि ठेवू नयेत. रोटेनोन हे कीटकनाशक प्रथिनांचा पहिलाच संच बंद पाडते आणि प्राण्यांत कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न करते, असे प्रयोगांत आढळले आहे. पॅराक्वाट या तणनाशकाचा आणि कंपवाताचा संबंध अनेक अभ्यासांत दिसून आला आहे. फवारणी करताना हातमोजे आणि तोंडावर आवरण वापरणे, वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवणे, रिकाम्या डब्यांतून पाणी वा धान्य न साठविणे, या सूचना ग्रामसभेत वारंवार सांगण्याजोग्या आहेत.

निदान, आधार आणि आपले कर्तव्य

तंतुकणिकांच्या जन्मजात विकारांवर संपूर्ण बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही निदानाचे महत्त्व कमी होत नाही. रक्तातील लॅक्टिक आम्लाची तपासणी, मेंदूचे एमआरआय चित्रण, आवश्यक तेथे स्नायूच्या तुकड्याची तपासणी आणि जनुकीय चाचणी यांतून निदान होते. निदान झाले, की अपस्माराची औषधे पारखून देता येतात. कारण यांतील काही रुग्णांना व्हॅलप्रोएट हे नेहमीचे औषध यकृताच्या दृष्टीने घातक ठरू शकते. ज्यांचे औषध चालू आहे त्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये. ताप, उपासमार आणि शरीरातील पाणी कमी होणे यांपासून अशा मुलांना जपावे लागते. पुढील अपत्याविषयीही सल्ला मिळू शकतो. ब्रिटनने २०१५ मध्ये कायदा करून निरोगी तंतुकणिकांचे दान घेण्यास संमती दिली आणि या पद्धतीने तेथे आठ बालके जन्मल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

आपल्या येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांतील १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. शिक्षकांनी आपल्या मनातील शंका या पथकाला आवर्जून सांगाव्यात. उपनगरांत विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी आणि कांदिवलीचे शताब्दी ही महापालिकेची रुग्णालये प्राथमिक तपासणीसाठी नजीक आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणानुसार परळचे केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत कंपवात आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन विकार यांचा समावेश आहे. निकषांत बसणाऱ्या व्यक्तीला प्रमाणपत्र मिळू शकते. केवळ माहितीअभावी अर्जच न करणाऱ्या कुटुंबांना वाट दाखविणे हे ग्रामसेवक, पंचायत सदस्य आणि कार्यालयीन कर्मचारी यांचे काम आहे.

कंपवाताच्या रुग्णांसाठी नियमित व्यायाम हितकारक आहे. चालणे, ताल धरून पावले टाकणे, मोठ्याने वाचणे यांनी हालचाल व वाणी दीर्घकाळ टिकण्यास साहाय्य होते. व्यायामाने स्नायूंतील तंतुकणिकांची संख्या वाढते, हे तर सिद्धच झाले आहे. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांना एकत्र आणून साहाय्यगटांची परंपरा सुरू केली. अशा मेळाव्यासाठी एखादे समाजमंदिर वा शाळेची खोली आठवड्यातून एक तास उपलब्ध करून देण्यास फार मोठा खर्च येत नाही.

तार तुटली की गाडी थांबते. अशा वेळी कोणी डब्यातील प्रवाशाला दोष देत नाही, की रेल्वेवर कोणाची करणी झाली असेही म्हणत नाही. बिघाड शोधला जातो आणि तोवर अडकलेल्यांना हात देऊन उतरविले जाते. मेंदूची वीजघरे मंदावलेल्या माणसाशीही आपण असेच वागलो, त्याच्या मातेला बोल न लावता, त्याला आळशी न ठरविता, वेळीच योग्य दारापर्यंत नेले, तर शास्त्राचे उरलेले काम पूर्ण होईपर्यंत त्याचे जिणे सुसह्य करणे आपल्या हाती निश्चितच आहे.